पाखरांची न्याहारी

गावाचं नाव मी लिहिणार नाही. शिरूर तालुक्याच्या पश्चिमेला जी डोंगररांग आहे तिच्या पायथ्याला, एवढं पुरे. नाव लिहिलं की माणसं ओळखू येतात, आणि ज्यांच्याबद्दल मला लिहायचंय त्यांचं नाव माझ्यामुळं एकदा खराब झालेलं आहे. पुन्हा त्यांची बदनामी नको. ते आता नाहीत. मी आहे.

माझं माहेर दौंड तालुक्यात, खुटबावच्या बाजूला. कॅनॉलचं पाणी, ऊस, चिखल आणि डास. नव्वदच्या दशकात लग्न होऊन मी या डोंगराखाली आले, पहिल्या दिवशी सासरच्या दारात उभं राहून समोर बघितलं आणि मनात म्हटलं, बापानं काय बघून दिलं मला इथं? डोंगर म्हणजे धबधब्यांचा, हिरवागार वगैरे नव्हे. उघडाबोडका, कुसळांचा, दुपारी बघितला तर डोळे दुखतील असा. घळीत चिंचेची जुनी झाडं, बाकी बाभळी आणि निवडुंग. आमच्या घरचे लोक पूर्वी मेंढरं राखणारे. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, मेंढरं विकून पायथ्याचा माळ घेतला आणि दगडं वेचून वेचून त्याचं रान केलं. पाऊस झाला तर बाजरी, नाही झाला तर दगडं होतीच.

मोर मात्र होते. आबा मेंढरं घेऊन हिंडायचे तेव्हापासून त्यांचा एक नेम होता. बिऱ्हाड जिथं उतरेल तिथं सकाळी आपण तोंडात काही घालण्याआधी पाखरांना दाणे टाकायचे. मेंढरं गेली, नेम राहिला. दिवस उगवायच्या सुमाराला आबा सूपभर बाजरी घेऊन घरामागच्या खळ्यावर जायचे आणि हात फिरवून टाकायचे. आधी चिमण्या आणि साळुंक्या यायच्या, मग होले, आणि मग चिंचेवरनं उतरून मोर. लांडोरी पुढं, मोर मागून, लग्नातल्या वरबापासारखे सावकाश. आबा याला पाखरांची न्याहारी म्हणायचे. ती झाल्याशिवाय चहाला हात लावायचे नाहीत. मी नवी नवरी, कणगी तळाला गेलेली बघायचे आणि मला तो निव्वळ नास वाटायचा. तोंडावर बोलायची सोय नव्हती म्हणून भांडी जरा जोरात घासायचे.

नवरा रांजणगावला एका कारखान्यात ठेकेदाराकडून कामाला होता. तीन पाळ्या, निळा शर्ट, कंपनीची बस. एका दिवाळीच्या तोंडावर ठेकेदारानं बऱ्याच जणांना गेटवरूनच परत पाठवलं, त्यात हेही होते. घरी येऊन चपला न काढता ओट्यावर बसले. सासूबाई आधीच वारल्या होत्या, घरात आम्ही तिघंच. मी चहा टाकला.

त्याच थंडीत एका रविवारी रांजणगावच्या गणपतीला आलेली पुण्याची एक मोटार वाट चुकून आमच्या दारात आली. नवराबायको आणि त्यांच्या म्हाताऱ्या आई. पाणी मागितलं. पाणी पिता पिता बाईंना खळ्यावर मागं रेंगाळलेले दोन मोर दिसले आणि त्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"हे रोज येतात?"

"येत्यात की. त्यान्ला दुसरं हाटेल कुठंय?" मी म्हटलं.

बाई खूप हसल्या. पिठलं-भाकरी खाऊन गेले आणि पुढच्या रविवारी दोन मोटारी घेऊन आले. मग त्यांच्या ओळखीचे, मग त्या ओळखीच्यांचे. नवऱ्यानं रस्त्याला पत्र्याची पाटी लावली: मोर पाहा, घरगुती जेवण. वर्षभरात गावात आणखी सहा-सात पाट्या लागल्या. कुणी बैलगाडीतून डोंगराला वळसा घालून आणायचं, कुणी हुरडा भाजून द्यायचं. मला तेव्हाच नवा गॅस आला होता. केवढी मिरवले होते मी त्या गॅसवर! तो मला साडीच्या पडद्यामागं लपवावा लागला, कारण पाहुण्यांना चुलीवरचं पाहिजे. डोळे चोळत मी भाकरी थापायचे आणि मॅडम लोक धुराचे फोटो काढायचे. रागही यायचा आणि बरंही वाटायचं. नवरा घरात होता. त्याला सकाळी उठायला कारण होतं, दाढी करायला कारण होतं.

अडचण एकच होती. पाहुणे पुण्याहून निघून पोचेपर्यंत नऊ वाजायचे, आणि मोर तोवर खाऊन डोंगरात गेलेले असायचे. दोन-तीनदा माणसं हिरमुसून परत गेली. मग मी आबांजवळ विषय काढला.

"आबा, न्याहारी नवाला टाकली तर?"

"का? पाखरान्ला कंपनीत लावलीस काय, टायमावर यायला?"

"मोर दिसलं न्हाईत तर पावणे येनार न्हाईत आबा. मग ह्येंनी करायचं काय?"

आबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आयतवारी टाकू नवाला. बाकीचं दीस त्यांच्या टायमाला." नंतर शनिवारीही पाहुणे यायला लागले, मग मधल्या वारीही, आणि हळूहळू रोजचेच नऊ झाले. दिवस उगवला की मोर येऊन कुंपणाच्या दगडांवर बसायचे आणि वाट बघायचे. आबा ओट्यावर बसून त्यांच्याकडं बघायचे. त्यांचाही चहा नऊपर्यंत लांबला.

आमच्या रानाखाली ओढ्याला लागून मामांचं रान होतं. नात्यानं कुणी नव्हेत, मी मामा म्हणायचे. ते मोठ्या घरचे. गावच्या सोसायटीत, पंचायतीत त्यांच्या भावकीतलं कुणी ना कुणी असायचंच. आबा वयानं थोरले, तरी अशा घरांत आबा उंबऱ्याशी टेकायचे. मामांच्या दारात मात्र मामा स्वतः त्यांच्या हाताला धरून खाटेवर बसवायचे. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेला आणि आमची बोअर आटली, तेव्हा मी न मागता मामांनी त्यांच्या विहिरीवरनं आमच्या टाकीपर्यंत काळा पाइप टाकून दिला. त्यांच्या विहिरीतही दिवसाकाठी तासभर मोटर चालेल एवढंच पाणी होतं.

"मामा, तुमच्या कांद्याला ऱ्हाऊ द्या की," मी म्हटलं.

"कांद्याचं बघतो मी. पावण्यांम्होरं हात धुवायला पानी नसल्यावर कसं व्हायचं सूनबाई? गावाची लाज हाय."

दुष्काळातही पाहुणे येत होते. उलट जास्तच, कारण रानात कुठं दाणापाणी उरलं नव्हतं आणि लांबलांबचे मोर आमच्या खळ्यावर येत होते. मोर म्हणजेच आमचा संसार झाला होता. खळ्यावर मोर दिसले नाहीत तर पाटी उतरवायची आणि नवऱ्यानं पुन्हा ठेकेदाराच्या दारात उभं राहायचं, हे मला झोपेतसुद्धा ठाऊक होतं.

त्या उन्हाळ्याच्या आधी आबांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. शिरूरला तीन-चार दिवस राहायचं होतं. नवरा मोटरसायकलवर मागं बसवून त्यांना घेऊन गेला. निघताना आबा म्हणाले, "पाखरांची न्याहारी चुकवू नगंस."

"तुमी डोळा नीट करून या. मोर कुठं जात न्हाईत," मी म्हटलं.

रविवारी पुण्याच्या एका महिला मंडळाच्या तीसेक बायका यायच्या होत्या. शनिवारी दुपारी मी दळण करायला कणगीत हात घातला तर बाजरी तळाला. भाकरीला जेमतेम पुरेल एवढी. ती दळली तर पाखरांना काही नाही, पाखरांना टाकली तर पाहुण्यांना काही नाही. मोटरसायकल शिरूरला, गावातल्या दुकानात धान्य नाही, एसटी गेलेली. मामांचं घर दोनशे पावलांवर. मागायला गेले असते तर त्यांनी पोतं माझ्या डोक्यावर उचलून दिलं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण त्यांचं पाणी रोज आमच्या टाकीत पडत होतं. आणखी दाण्यासाठी पदर पसरायचं माझ्या जिवावर आलं. मोठ्या घरापुढं आपण किती वेळा वाकायचं, असं काहीतरी डोक्यात आलं. खोटा ताठा, दुसरं काय.

माळ्यावर बियाण्याच्या पिशव्या होत्या. दोन्ही वर्षं पेरणीसाठी हायब्रीड बाजरीचं बी आणलं होतं, पाऊस नाही म्हणून पेरलंच नव्हतं. पिशवी फोडली की आत गुलाबी दाणे, औषध लावलेले. पिशवीवर विषाची खूण छापलेली असते. मी बारावी झालेले आहे. मला वाचता येत होतं आणि मी वाचलं होतं.

पण माहेरी माझी आई काय करायची ते माझ्या डोळ्यापुढं होतं. पेरून उरलेलं बी ती कधी फेकायची नाही. धान्य फेकायचं म्हणजे पाप. तीन पाण्यांनी धुवायची, उन्हात वाळवायची आणि कोंबड्यांना टाकायची. आमच्याकडंच नव्हे, आळीतल्या सगळ्या बायका तसंच करायच्या. कोंबड्यांना कधी काही झालेलं मी बघितलं नव्हतं. त्या काळी लावायचे ते औषध निराळं असेल, हे मला फार नंतर सुचलं.

मी तीन पाण्यांनी धुतलं. पहिलं पाणी लालभडक निघालं, दुसरं गुलाबी, तिसरं जवळजवळ स्वच्छ. पाणी मामांच्याच विहिरीचं. दाणे जुन्या साडीवर पसरले, ऊन कलल्यावर ओलसर होते तसेच आबांच्या सुपात भरून ठेवले. खूप हुशारी केल्यासारखं वाटलं मला. पाहुण्यांच्या भाकरी झाल्या, पाखरांची न्याहारी झाली, आणि कुणाच्या दारात जावं लागलं नाही.

रविवारी नवाला बायका आल्या. मी आबांसारखा हात फिरवून दाणे टाकले. मोर तर सकाळपासून दगडांवर बसूनच होते, टाकल्याबरोबर तुटून पडले. त्यातल्या एकानं खाऊन झाल्यावर पिसारा फुलवला. बायकांनी टाळ्या वाजवल्या, एकमेकींना मागं ढकलून फोटो काढले. मला एकीनं जवळ घेऊन म्हटलं, "किती भाग्यवान आहात हो तुम्ही!" मी पदर सारखा करून हसले.

जेवणं अर्ध्यावर आली असतील. चिंचेखालच्या पंगतीतली एक बाई म्हणाली, "अहो, तो मोर असा का बसलाय?"

मोर बसला नव्हता. पंख जमिनीवर पसरले होते, मान वाकडी झाली होती आणि पाय मातीत खरडत होते. त्याच्या पलीकडं एक लांडोर उठायची आणि पडायची, उठायची आणि पडायची. मला तिथंच कळलं. हातातली भाकरी मी कुणाच्या ताटात वाढली की खाली पडली, ते आठवत नाही. मी पाण्याचं भांडं घेऊन त्या मोराजवळ गेले, चोचीला पाणी लावलं. त्यानं माझ्याकडं बघितलं का ते मला सांगता येत नाही. बायका ताटावरून उठल्या. कुणी रडायला लागलं, कुणी म्हणालं रोग असेल, लांब व्हा. अर्ध्या तासात त्यांची बस गेली.

दिवस बुडेपर्यंत चार मोर, पाच लांडोरी. साळुंक्या आणि होले मी मोजले नाहीत. दोन कावळेही होते. मी खळं झाडून काढलं, उरलेले दाणे खड्ड्यात पुरले आणि बियाण्याच्या पिशव्या चुलीत घातल्या. सूप धुऊन वाळत टाकलं. हे सगळं मी न रडता, भराभर केलं, आणि अजून मला माझ्या त्या हातांची किळस येते.

दुसऱ्या दिवशी वनखात्याचा माणूस आला. मोर मेले म्हणजे साधी गोष्ट नव्हती. गाव गोळा झालं. ज्यांच्या ज्यांच्या पाट्या होत्या ते सगळे होते, सगळ्यांची तोंडं उतरलेली. त्या माणसानं मेलेली पाखरं बघितली, लिहून घेतलं आणि विचारलं, "इकडं एवढ्यात कुणी औषध मारलं होतं का?"

मामा पुढंच उभे होते. शुक्रवारी त्यांनी पाठीवर पंप घेऊन ओढ्याकडच्या कांद्याला औषध मारलं होतं. सगळ्या गावानं बघितलं होतं, पण त्यांच्या तोंडावर सांगायला कुणी तयार नव्हतं. त्या माणसाची नजर एकेकावरून फिरत माझ्याकडं आली. खळं आमचं होतं.

मी म्हटलं, "मामांनी मारलं की शुक्रवारी. कांद्याला."

शब्दाला शब्द खरं होतं. त्याच्याइतकं खोटं मी पुन्हा कधी बोललेले नाही.

"व्हय, मारलंय," मामा लगेच म्हणाले. "कीड पडली व्हती. पर माझं रान हितनं केवढं लांब हाय..." आणि ते थांबले. आजूबाजूच्या माणसांच्या तोंडाकडं बघून थांबले.

त्यांना शिरूरला किती खेपा घालाव्या लागल्या ते मला नक्की सांगता येत नाही. तपासाचं पुढं काय झालं तेही आमच्यापर्यंत आलं नाही. ते यायची गरजही नव्हती, गावानं आधीच ठरवून टाकलं होतं. मोर यायचे थांबले. जे वाचले ते डोंगर ओलांडून पलीकडं गेले म्हणतात. पाहुणे दोन-तीन रविवार आले, रिकामं खळं बघून गेले, मग मोटारी थांबल्या. बैलगाडीवाल्यानं बैल विकले. ज्याला त्याला वाटायचं, एका म्हाताऱ्यानं कांद्यासाठी आपलं पोट मारलं. पारावर मामा आले की माणसं काहीतरी निमित्त काढून उठायची. एका सकाळी त्यांच्या विहिरीचा पाइप कुणीतरी तीन ठिकाणी कापलेला सापडला.

तो पाइप आमच्या टाकीला येणारा होता. मामा विळा आणि रबराची नळी घेऊन आले, उन्हात बसून एकेक तुकडा जोडला, आणि जाताना म्हणाले, "आता येतंय का बघ गं सूनबाई पानी." आलं. मी हंडा भरला.

आबा डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून परत आले तेव्हा त्यांना वाटेतच कळलं होतं. खळ्यावर जाऊन बराच वेळ उभे राहिले. मग आत येऊन खुंटीवरचं सूप काढलं, चांगल्या डोळ्याजवळ नेलं, हात फिरवून बघितलं. मी चुलीपुढं होते. आता विचारतील, मग विचारतील म्हणून माझे कान तिकडंच. त्यांनी काहीच विचारलं नाही. पुढच्या बाजारी त्यांनी नवं सूप आणलं. "जुन्याला भोक पडलं," म्हणाले. त्या दिवसापासून बाजरी ते स्वतः काढून घ्यायचे, मला कणगीजवळ जाऊ द्यायचे नाहीत. ऑपरेशन झालेला माणूस, हालचाल असलेली बरी, अशी मी मनाची समजूत घालून टाकली. न्याहारीही त्यांनी पुन्हा दिवस उगवायला टाकायला सुरुवात केली. दोन-चार चिमण्या यायच्या. ते संपेपर्यंत उभे राहायचे आणि मग चहाला यायचे.

नवरा पुन्हा ठेकेदाराकडं लागला, दुसऱ्या. मी कांदे काढायला रोजानं जाऊ लागले. पाटीवरचा मोर उन्हानं आधी पांढरा झाला आणि मग पत्रा गंजला. ती पाटी काढायची ताकद आमच्यात नव्हती, वाऱ्यानंच पाडली.

मामांचं कुणी गावात राहिलं नव्हतं. बायको मागंच वारलेली, एकुलती लेक दौंडला दिलेली. दोन वर्षांनी त्यांनी रान वाट्यानं लावलं आणि लेकीकडं राहायला निघाले. निघायच्या दिवशी आमच्याकडं आले. आबा ओट्यावर होते. यावेळी मामाच उंबऱ्याशी टेकले. हाताला धरून बसवायला आबा उठले नाहीत.

मी चहा दिला. कप हातात धरून मामा म्हणाले, "सूनबाई, मी लय आठीवतो बघ. आदी मला वाटायचं, माझ्या रानातनं हितं कसं व्हईल? पर त्या दिशी पंप मी वढ्याला धुतला. ते पानी मोरांनी पिलं आसंल. दुसरं काय आसनार? माझ्याच हातनं झालंय ते, पोरी."

मी म्हटलं, "न्हाई ओ मामा." एवढंच. त्यांना वाटलं मी समजूत घालतेय.

"तू मनाची मोठी हाईस म्हनून म्हंतीस. तुझ्या तर ताटातलं गेलं. तू कवा एक शबुद बोलली न्हाईस मला." आणि त्यांनी माझ्यापुढं हात जोडले.

माझ्यापुढं. मी उभी होते, माझ्या हातात चहाचं भांडं होतं आणि सांगायचं होतं ते सगळं जिभेवर होतं. ओट्यावर आबा बसले होते, तेही ऐकत होते. मी म्हटलं, "अजून घोटभर घ्या." त्यांनी घेतला. मग पिशवी उचलून ते एसटीच्या रस्त्याला लागले.

त्यानंतर मी तीनदा माहेरी गेले. दौंड तिथून लांब नाही. प्रत्येक वेळी ठरवून जायचे की एक दिवस काढून मामांना भेटायचं, आणि प्रत्येक वेळी आईच्या घरी पडून राहून परत यायचे. एकदा तर दौंडच्या एसटीत बसले आणि पुढच्या थांब्याला उतरले.

मग निरोप आला, मामा गेले. दहाव्याला गावातून एक जीप भरून माणसं गेली. राग असला तरी मयताला आणि दहाव्याला जायची आमच्याकडं रीत आहे. आबा म्हणाले, मी येनार. मी त्यांना धरून नेलं. दौंडला भीमेच्या काठी विधी होता. पिंड मांडले, माणसं मागं सरकली. कावळे होते, पलीकडच्या बाभळीवर चांगले दहा-बारा. एकही खाली येईना.

आमच्यात कावळा शिवेना की माणसं पुढं होऊन मेलेल्याच्या मनात राहिलेलं काही असेल ते फेडायचा शब्द देतात. जावई म्हणाला, रानाचं नीट बघीन. लेक म्हणाली, "आण्णा, मी सुखात हाय, माझी काळजी करू नगा." भावकीतला कुणी म्हणाला, विहिरीला नवी मोटर बसवू. कावळे बसल्या जागी. ऊन तापलं. लेक रडून रडून म्हणत होती, "आण्णा, काय राहिलं ओ तुमचं?"

मी बायकांच्या रांगेत होते, तिच्यापासून दहा पावलांवर. काय राहिलं ते मला माहीत होतं. त्या सगळ्या घाटावर मलाच माहीत आहे, असं मला वाटत होतं. तेवढ्यात माझ्या हातातून आबांनी हात सोडवून घेतला, काठी टेकत पिंडापाशी गेले, वाकले आणि काहीतरी पुटपुटले. कुणाला ऐकू गेलं नाही. उठून त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं, आणि तिथंच उभे राहिले. वाट बघत.

मी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, रडतेय.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. बाभळीवरचे कावळे ते होईपर्यंत बसून होते. आम्ही मांडवात जेवलो. मला भूक लागली होती.

परतीच्या जीपमध्ये आबा माझ्या शेजारी होते. बाकीची माणसं पेंगत होती. चौफुला मागं पडल्यावर आबा हळूच म्हणाले, "मी सांगितलं त्याला. सूप लाल व्हतं म्हनून."

त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली.

"घर मोडू नये म्हनून गप ऱ्हायलो मी. माझं पाप मी सांगितलं. पर त्येला माझ्याकडनं नगं व्हतं, पोरी."

आबांना जाऊनही आता काही वर्षं झाली. आता ही गोष्ट माहीत असलेली मी एकटीच. खळ्यावर मी सकाळी बाजरी टाकते, दुकानातली, बिनरंगाची. मोर अजून आलेले नाहीत.

वर मी लिहिलं की मामांची बदनामी नको म्हणून गावाचं, माणसांचं नाव लिहिणार नाही. ते खरं नाही. नाव लिहिलं असतं तर गावानं वाचलं असतं आणि मामा सुटले असते. मी लिहिलं नाही, कारण त्यांच्या नावाशेजारी मला माझंही लिहावं लागलं असतं.